लखोजीच्या वाकसाचा नवा दांडा

पाय आत घ्या आधी. बाबल्या, तुझं पांघरूण शालूनं ओढलेलं नाही, तूच लाथाडलंयस, मी बघत होते. हं. आता मध्ये मध्ये प्रश्न नकोत. नुसते हुंकार द्यायचे. ज्याचा हुंकार थांबला तो झोपला, असं मी धरून चालणार.

तर एकदा काय झालं, एका राजाच्या घरची झोपच हरवली. राजाला नाव होतं, पण ते इतकं लांबलचक होतं की मला काही आता आठवत नाही. आपण राजाच म्हणू. त्या राजाला नवससायास करून लेक झाली. सावळीशी, टपोऱ्या डोळ्यांची. नाव ठेवलं चंद्रावळ. सगळं कसं छान होतं. फक्त एकच वाईट. पोर झोपायची नाही.

म्हणजे अजिबातच नाही, बरं का. मांडीवर नाही, खांद्यावर नाही, झोळीत नाही. मग राजानं चांदीचा पाळणा केला. तो इतका गार, की टेकवली की पोर किंचाळायची. मग चंदनाचा केला. त्याच्या वासानं तिला शिंकांवर शिंका. मग दर्यापारहून एक पाळणा मागवला. त्याला घुंगरं काय, पोपट काय, भिंगऱ्या काय! ते सगळं बघत ती आणखीच टक्क जागी राहिली. पोर झोपेना म्हणून राणी झोपेना, राणी झोपेना म्हणून राजा झोपेना, आणि राजा जागा असताना दुसऱ्या कुणाची झोपायची छाती? पहारेकरी भाल्याला टेकून पेंगायचे. हत्ती उभ्या उभ्या डुलायचा. आचाऱ्यानं तर एकदा खिरीत मीठ आणि आमटीत साखर घातली, आणि कुणाला ते कळलंसुद्धा नाही.

हसताय काय? तान्ह्या पोराला झोप दुधाइतकीच लागते. चंद्रावळ वाळायला लागली. गाल बसले, हातापायाच्या काड्या झाल्या. मग वैद्य आला. नाडी बघितली आणि राजाला बाजूला घेऊन म्हणाला, "महाराज, हिचं औषध म्हणजे झोप, आणि ती काही माझ्या बटव्यात नाही. पोर अशीच जागी राहिली तर हाती लागायची नाही."

राजा तिथंच मटकन खाली बसला. मग राजाची आई पुढे आली. तिला सगळे आऊसाहेब म्हणायचे. आऊसाहेब म्हणाल्या, "अरे, तूही अस्साच होतास. घर डोक्यावर घ्यायचास. शेवटी तुला झोप लागली ती लखोजी सुताराच्या पाळण्यात. तो पाळणा गुणगुणायचा."

राजा उठलाच. "कुठं आहे तो पाळणा?"

"कुठं असणार! जरा मोठा झाल्यावर त्यावर बसून घोडा घोडा केलास आणि चुराडा केलास त्याचा. सांगून ऐकशील तर ना!"

आईपुढे राजा काय आणि तू काय, सारखेच, बाबल्या.

आता हा लखोजी कोण, ते सांगते. नदीपलीकडच्या गावातला सुतार. त्याच्याकडे एक वाकस होता. वाकस म्हणजे काय, माहीत आहे का? लाकूड तासायचं हत्यार. कुदळीसारखं आडवं पातं, पण लहान. पात्याला भोक, भोकात आखूड दांडा. त्यानं लाकडाच्या ढलप्या काढायच्या. असे वाकस सगळ्याच सुतारांकडे असतात, पण लखोजीच्या वाकसाची गंमत निराळी. तो लाकडावर पडला की 'हूं' करायचा. तुम्ही आत्ता देताय ना, तसाच हुंकार. आणि तो हुंकार लाकडात राहायचा, बरं का. त्या वाकसानं मुसळ केलं, तर कांडणाऱ्या बायकांचे हात भरून यायचे नाहीत. पाट केला, तर रुसलेलं पोर त्यावर बसल्या बसल्या जेवायला लागायचं. बैलांसाठी जू केलं, तर त्यांच्या मानेला घट्टा पडायचा नाही. काय तो माणूस, आणि काय ते हत्यार! लोक लांबून यायचे नुसता तो हुंकार ऐकायला.

लखोजीला मुलगा नव्हता. एक लेक होती, येसू. मग त्यानं तिलाच सगळं शिकवलं. लोक म्हणाले, मुलीला कशाला हे? तो म्हणाला, तुमच्या मुलांना तुम्ही शिकवा, माझ्या मुलीला मी शिकवतो. येसू अशी तयार झाली, की रंधा मारायला लागली की लाकडाची सालं कांद्याच्या पापुद्र्यासारखी निघायची, आरपार दिसायची. मला फार आवडते ही येसू. कामाला वाघीण, आणि तोंडानं मात्र गरीब.

पण मग लखोजी वारला. येसू रडली नाही. घरात ती आणि तिची आई, दोघीच उरल्या. बाबा गेले त्याच वर्षी खंडेनवमी आली. आपल्याकडे खंडेनवमीला काय करतात? हत्यारांची पूजा करतात. करवत, पटाशी, हातोडा, सगळं धुऊन पुसून मांडायचं, हळदकुंकू वाहायचं. त्या दिवशी हत्यारांना सुट्टी. आणि दुसऱ्या दिवशी दसरा झाला की पुन्हा ती कामाला. बरोबर ना? तर येसूनं सगळी हत्यारं पुजली आणि दसऱ्यानंतर कामाला घेतली. वाकस मात्र कामाला घेतलाच नाही. देवांशेजारी खुंटी ठोकली, त्यावर टांगला. म्हणाली, बाबांच्या वाकसाला हात लावायची माझी काय लायकी? आणि मग रोज झेंडूचं फूल, रोज हळदकुंकू, रोज दूधगुळाचा नैवेद्य. गावातल्या बायकाही यायला लागल्या. त्याही दूध शिंपडायच्या. वाकसाचा झाला देव! स्वतः येसू बाकीच्या हत्यारांवर पोळपाट कर, लाटणी कर, खुंट्या कर, एवढंच करायची.

अशात एक दिवस दारात पालखी. राजा, आऊसाहेब आणि पालखीत रडणारी चंद्रावळ. राणीला अशक्तपणानं उठवत नव्हतं, ती राजवाड्यावरच राहिली होती. राजानं हात जोडले. राजानं, बरं का! म्हणाला, "येसूबाई, तुझ्या वडिलांच्या वाकसानं माझ्या लेकीला पाळणा करून दे. तेवढंच आता उरलंय."

येसूनं पालखीत डोकावलं. ते वाळलेलं तोंड बघितलं. मग तिनं वाकसाला नमस्कार केला आणि तो खुंटीवरून काढला.

काढला आणि काय झालं? दांडा हातातच मोडला. तुकडे झाले, आणि आतून पिठासारखा भुगा सांडला. वरून तेल लावून चकचकीत, आणि आतून सगळा भुंग्यांनी पोखरलेला. गूळदुधाला मुंग्या आल्या, किडे आले, मग त्यांनी काय सोडलं? आणि पातं? त्याला गंज चढून खपल्या निघत होत्या. इतकं जपलं, इतकं जपलं, आणि जपूनच घालवलं की हो!

शेजारी सटवाजी लोहार राहायचा. त्याला बोलावलं. त्यानं पातं उलटंपालटं केलं आणि कपाळावर हात मारला. "येसे, लोखंडाला दूध पाजलंस होय गं? आण इकडं." मग त्यानं भोकाला ओलं फडकं गुंडाळलं, पातं धारेपुरतं भट्टीत तापवलं, ठोकलं, पाणी दिलं, दगडावर घासघासून धार आणली. म्हातारा मोठा हुशार. पातं पुन्हा चमकायला लागलं. आता राहिला दांडा.

राजा म्हणाला, दांड्याचं मी बघतो. लगेच घोडेस्वार सुटले. राजवाड्याच्या बागेतलं शिसवीचं झाड तोडलं. दरबारच्या सुतारांनी त्याचा दांडा केला. गुळगुळीत, काळाभोर, मुठीला चांदीचं कडं. जुन्या दांड्याचा एक तुकडा पात्याच्या भोकात अडकून बसला होता, तो त्यांनी ठोकून बाहेर काढला आणि अंगणात भिरकावला. येसूच्या आईनं तो उचलला आणि गुपचूप कनवटीला लावला. कुणाचं लक्ष नव्हतं. तुमचं आहे ना? मग ध्यानात ठेवा.

पाळण्यासाठी आऊसाहेबांनी सागाच्या तीन चांगल्या जुन्या फळ्या आणल्या होत्या. येसूनं पहिली फळी घेतली आणि वाकस उगारला. तो शिसवी दांडा घामानं असा सटकला, की वाकस गेला उडत आणि राजाच्या पागोट्याचा तुरा कापून खांबात रुतला. खाली फळी गडगडली आणि दगडावर पडून चिरली. हुंकार नाही न् काही नाही. राजा चाचपून बघतोय, डोकं आहे ना जागेवर! आऊसाहेब म्हणाल्या, "आहे, आहे. नसतं तरी फारसा फरक पडला नसता." जिभेला धार होती म्हातारीच्या.

पण चंद्रावळीचा रडून रडून घसा बसला. आता नुसता घोगरा आवाज यायचा.

मग येसू म्हणाली, "चूक झाली. दांडा बाबांच्या दांड्यासारखाच हवा. तंतोतंत." मग ती घाईनं बांधावरच्या बाभळीकडे गेली आणि एक फांदी तोडून आणली. जुन्या दांड्याचे तुकडे जुळवून शेजारी मांडले आणि तासायला बसली. तीच लांबी, तीच जाडी, तोच बाक. लखोजीच्या अंगठ्यानं घासून घासून जुन्या दांड्याला एक खळगी पडली होती. येसूनं तीसुद्धा केली! गाव बघायला लोटलं. म्हणाले, व्वा, हुबेहूब! लखोजी आला तर ओळखायचा नाही. आणि खरंच सांगते, हुबेहूब होता तो. असं काम करायला डोळा लागतो.

येसूनं दुसरी फळी घेतली. वाकस उगारला. पण लखोजी होता थोराड, त्याचा पंजा सुपाएवढा. येसूचा हात लहान. अंगठा काही त्या खळगीपर्यंत पोचेना. मुठीत दांडा मावेना. घाव घालताना वाकस हातात फिरला, पातं खोल घुसलं, आणि ती जुनी सागाची फळी उभी चिरली. धड दोन तुकडे.

आता एकच फळी राहिली. आणि चंद्रावळ? ती रडायचीच थांबली. नुसते उघडे डोळे, आणि आवाज नाही. रडणारं पोर बरं हो, गप्प पोराची जास्त भीती वाटते. राजा तिच्याजवळून हलेना. तो येसूला रागावलासुद्धा नाही. नुसतं तिच्याकडे बघितलं, आणि येसूला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

झोपली का गं शालू? नाही? मग हुंकार दे की. हं.

मग येसू तिन्हीसांजेला पुन्हा बाभळीकडे गेली. या वेळी घाई केली नाही. बाबांनी शिकवलं होतं तसं केलं. झाडाखाली जागा झाडली. अक्षता ठेवल्या, सुपारी ठेवली. हात जोडून म्हणाली, "बाभळीबाई, उद्या सकाळी एक फांदी न्यायला येते. ज्यांची ज्यांची बिऱ्हाडं असतील, त्यांनी तेवढी हलवावीत. माझ्यावर रागावू नका."

मग काय झालं सांगू? बाभूळ बोलली. "आधी आलीस तेव्हा विचारलं नाहीस गं."

येसू दचकली. म्हणाली, "चुकले. पोरीचे हाल बघवेनात, म्हणून घाई झाली."

"बरं, असू दे. कुणाच्या हाताला हवाय दांडा?"

"माझ्या बाबांच्या."

"मग त्यांना घेऊन ये," बाभूळ म्हणाली. "हाताचं माप घेतल्याशिवाय फांदी कशी देऊ?"

मग तिच्या तोंडून कसंबसं निघालं, "ते नाहीत. बाबा गेले माझे." आणि इतक्या दिवसांनी ती रडली. बाभळीच्या बुंध्याला मिठी मारून रडली, काटे टोचले तरी सोडेना. बाप गेल्याचं तिनं तोवर कुणाला सांगितलंच नव्हतं, स्वतःलासुद्धा नाही. बाभळीनं तिला रडू दिलं. वर पाखरं पण गप्प बसली.

मग जरा वेळानं बाभूळ म्हणाली, "पूस डोळे. आता सांग, वाकस धरणार कोण?"

"मी."

"मग हात पुढं कर."

येसूनं हात पुढं केला. बाभळीची एक फांदी खाली वाकली, तिच्या कोपरापासून मुठीपर्यंत टेकली, मनगटाभोवती फिरली, आणि पुन्हा वर गेली. "ये सकाळी," बाभूळ म्हणाली.

सकाळी येसू गेली तर झाडाखाली एक फांदी पडलेली. वाळलेली, कामाला तयार. जाड नाही, लांब नाही. येसू घरी आली आणि अंगणात बसली. कोपरापासून मुठीपर्यंत माप घेतलं. मूठ वळल्यावर बोटं तळव्याला टेकतील इतकी जाडी ठेवली. दांडा झाला. लोक बघायला आले आणि खोखो हसले. म्हणाले, लखोजीच्या वाकसाला हा एवढासा दांडा? हे काय, भातुकलीतलं आहे का? येसूचे कान तापले, पण तिनं दांडा हातात धरून बघितला. असा बसला, असा बसला, जणू हातातूनच उगवला होता.

पण एक भानगड झाली. हातात बसला, पात्यात बसेना. पात्याचं भोक लखोजीच्या जाड दांड्याच्या मापाचं, मोठं. येसूचा दांडा त्यात खुळखुळायला लागला. मग पाचर मारायला हवी. म्हणजे दांडा भोकात घालून त्याच्या टोकाला चीर पाडायची आणि तिच्यात लाकडाचा एक चपटा तुकडा ठोकायचा, की दांडा फुगून घट्ट बसतो. येसूनं बांबूची पाचर मारली. सुटली. सागाची मारली. तीही सुटली. लोखंडाची मारली, तर दांडाच तडकतो की काय असं झालं, म्हणून काढली. येसू रडकुंडीला आली. तिकडं चंद्रावळीचे डोळे आता अर्धवट मिटायचे, पण झोपेनं नाही, ग्लानीनं. आऊसाहेब तिचे तळपाय चोळत बसल्या होत्या. त्यांची जीभसुद्धा गप्प झाली होती.

मग येसूची आई घरातून बाहेर आली. शेजारी बसली. म्हणाली, "येसे, तो जुना दांडा तू देव म्हणून पुजलास. पण तो काय मुळापासूनचा होता का गं?"

"म्हणजे?"

"मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा या वाकसाला निराळाच दांडा होता. तुझ्या बाबांनी नंतर किती बदलले! झिजला की बदल, तडकला की बदल. जुने कुठं गेले, विचार. चुलीत! तुझ्या बारशाचं पाणी त्यातल्याच एकावर तापलंय."

येसूनं हातातला दांडा खाली ठेवला. "मग आई, इतके दिवस बोलली का नाहीस?"

आईनं तिच्या केसांतली लाकडाची ढलपी काढली. म्हणाली, "तू रोज फुलं वाहायचीस. तेवढा वेळ तुझं तोंड जरा बरं दिसायचं. म्हटलं, राहू दे."

मग आईनं कनवटीला हात घातला आणि तो तुकडा काढला. पात्याच्या भोकात अडकलेला, दरबारी सुतारांनी फेकलेला. लोखंडाच्या आत होता, म्हणून त्याला कीड लागली नव्हती. आई म्हणाली, "सगळा दांडा चुलीत जायचा, पण हे टोक मात्र ते घालू द्यायचे नाहीत. का, ते मला माहीत नाही. मला सुतारकाम कळत नाही. तू बघ."

येसूनं तो तुकडा हलक्या हातानं उभा चिरला. आणि आत काय निघालं? आत पाचर! बाहेरचं लाकूड तांबूस, आणि पाचर जुनी, काळपट, त्याच्या आधीच्या दांड्याची. आता येसूला उमगलं. बाबा नवा दांडा बसवताना पाचर जुन्या दांड्याच्या टोकाची करायचे. त्याआधी आजोबांनीही तसंच केलं असणार. दांडा दर वेळी नवा, पण त्याला धरून ठेवायला आधीचा आतमध्ये असायचाच.

मग येसूनं बाबांच्या दांड्याच्या त्या टोकाची पाचर केली. मग दांड्याच्या चिरेत पाचर धरली आणि हातोडा मारला. टक. टक. टक. पाचर आत गेली ती गेलीच. वाकस हलवून बघितला. जरासुद्धा खुळखुळ नाही.

मग शेवटची फळी घेतली. सगळं अंगण श्वास रोखून उभं. येसूनं वाकस उचलला आणि घाव घातला.

हूं.

सटवाजी लोहाराच्या डोळ्यांत पाणीच आलं. आई पदर तोंडाला लावून खाली बसली. हसणारे लोक होते ना, त्यांनी माना खाली घातल्या. आणि येसू? तिला कुठं बघायला फुरसत! वाकस चालला, हूं, हूं, हूं. गाठ आली की आपोआप वळायचा, रेघ आली की रेघेवरून जायचा. त्या एकाच फळीतून तिनं पाळण्याच्या बाजू काढल्या, तळ काढला. काय तिचा हात, काय तो वेग! मी तर म्हणते, लखोजीनंसुद्धा बाजूला उभं राहून बघत राहावं असं ते काम. ना चांदी, ना घुंगरं, ना पोपट. साधा छोटासा पाळणा. आईनं आपलं जुनं मऊ लुगडं घडी करून आत घातलं.

मग राजानं चंद्रावळीला आणलं. तिला पाळण्यात ठेवलं. येसूनं दोरीला हलका झोका दिला. पाळणा म्हणाला, हूं. चंद्रावळीनं एकदा इकडं बघितलं. पाळणा म्हणाला, हूं. तिनं एकदा तिकडं बघितलं. पाळणा म्हणाला, हूं. चंद्रावळीनं एक मोठी जांभई दिली, मूठ गालाखाली घेतली आणि डोळे मिटले. छाती वरखाली व्हायला लागली, अगदी शांत. झोपली हो पोर! झोपली!

राजा रडला. मोठमोठ्यानं रडायचीही सोय नव्हती, म्हणून तोंडात पागोट्याचं टोक कोंबून रडला. मग येसूला म्हणाला, "माग, काय हवं ते..." आणि वाक्य पुरं व्हायच्या आत तिथंच ओसरीवर आडवा झाला आणि घोरायला लागला. आऊसाहेब खांबाला टेकून झोपल्या. पालखीचे भोई पालखीखाली झोपले. पहारेकरी झोपले. सांगावा राजवाड्यावर पोचला, तशी राणी झोपली, हत्ती बसून झोपला, आणि आचारी परातीवर डोकं ठेवून झोपला. येसू तिथंच ढलप्यांच्या ढिगावर कलंडली, हातात वाकस तसाच. आईनं तो हळूच सोडवून बाजूला ठेवला आणि तिच्यावर वाकळ घातली.

जाग आल्यावर राजानं पुन्हा विचारलं, काय देऊ? येसू म्हणाली, "महाराज, एवढंच करा. पोर मोठी झाली की तिला या पाळण्यावर घोडा घोडा करू देऊ नका." चंद्रावळ बाळसेदार झाली, धावायला लागली. मग पाळणा राजवाड्यातून निघाला, आणि ज्याच्या घरी पोर झोपत नसेल त्याच्या घरी जायला लागला.

आणि वाकस? खंडेनवमीला येसू त्याची पूजा करायची. दसरा झाला की तो तिच्या हातात. रोजच्या कामानं तो पुन्हा कधी गंजला नाही. दांडा झिजला तेव्हा तिनं तो बदलला, जुन्याची पाचर करून. मग येसूची लेक मोठी झाली, तिच्या हाताचा दांडा निराळा. पातंही झिजून चिंचेच्या पानाएवढं झालं, तेव्हा सटवाजीच्या नातवानं त्याच्यावर नवं पोलाद चढवलं. हुंकार तोच राहिला.

काय रे बाबल्या? अजून जागा आहेस? काय म्हणतोस, दांडा नवा, पातं नवं, मग तो लखोजीचा वाकस कसा?

आ कर बघू. हा पुढचा दात पडला ना तुझा परवा? आणि आता खाली नवा डोकावतोय. अंगरखाही मागच्या वर्षीचा आखूड झाला, म्हणून नवा शिवला. मग मी काय दुसऱ्याच कुणाला गोष्ट सांगतेय का रे, शहाण्या? अरे, तू माझा बाबल्याच ना! तुझ्या आजोबांचं नाक आहे तुला, हे बघ, इथं मध्ये, पाचरीसारखं घट्ट बसलंय.

बरं, आता पुरे. राजा झोपला, राणी झोपली, हत्तीसुद्धा झोपला, तुमचंच काय राहिलंय? येसूच्या पाळण्यातल्यासारखी झोप लागू दे तुम्हाला. शालूचा हुंकार तर केव्हाच थांबला. आता तुझा ऐकते.

हूं?

बाबल्या?

झोपलं माझं सोनं.